एक खाण, चार नकाशे: कॅझमवरून आमच्या घरात झालेल्या भांडणाचं प्रकरण

गेल्या चवथीला आमच्या डिचोलीच्या घरात एका व्हिडिओ गेमवरून जे भांडण झालं ते नीट लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं. भांडण म्हणजे काय, हसत खेळतच, पण तीन दिवस चाललं, आणि त्यातून मला एक गोष्ट कळली जी मला आधी कुणी सांगितली नव्हती, त्यामुळे आता कुणी असल्या गेमबद्दल मत दिलं की मी पहिला प्रश्न वेगळाच विचारते.

गेमचं नाव कॅझम. बिट किड नावाच्या छोट्या टीमने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे जमवले आणि ३१ जुलै २०१८ ला गेम आला, म्हणजे पाच वर्षं लागली. दिसायला जुन्या टीव्ही गेमसारखा, बाजूने दिसणारा माणूस, उड्या मारायच्या, तलवार फिरवायची, सगळी चित्रं ठोकळ्यांची. मूळ चित्र फक्त ३८४ बाय २१६ पिक्सेलचं, तेच ताणून मोठ्या स्क्रीनवर दाखवतात. आणि गोष्ट अशी, की राज्याला हवी असलेली एक खाण बंद पडलीय अशी कुणकुण लागते, चौकशीला नवीनच भरती झालेला एक शिलेदार पाठवतात, तो खाणीच्या गावात पोचतो तर गाव रिकामं. खाणीतून वर आलेल्या भुताखेतांनी माणसं पळवलेली. मग आपण खाली उतरायचं, माणसं शोधून सोडवायची, ती परत गावात येतात, आपापलं दुकान उघडतात.

आता ही गोष्ट डिचोलीत बसून ऐका. ७ फेब्रुवारी २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातली ८८ खाण लीजं रद्द केली, १५ मार्चपर्यंतची मुदत दिली आणि त्यानंतर आमच्याकडचे टिपर जागच्या जागी उभे राहिले. त्याआधी २०१२ मध्येही एकदा सगळं थांबलं होतं. माझा मामा त्या धंद्यातला, खाणीवरून जेटीपर्यंत ट्रिपा मारायचा, तिथून माल बार्जमधून मांडवीने मुरगावला. खाण बंद झाली की गाव कसं होतं, कुठलं गॅरेज आधी बंद होतं, कुठलं हॉटेल फक्त सकाळचं उघडं राहतं, हे आम्हाला कुठल्या गेमने शिकवायची गरज नव्हती. तो गेम त्याच वर्षी जुलैत आला हा निव्वळ योगायोग, पण पहिल्यांदा सुरू केला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला हे खरं.

तर खेळणारे चौघं. मी, माझी धाकटी बहीण जी साखळीला कॉलेजात आहे, मावसभाऊ म्हणजे आमचा दादा, आणि मामा. सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून चौघांसाठी घेतला, तिघांचे आपापले लॅपटॉप होतेच, मामाला घरातला जुना लॅपटॉप टीव्हीला लावून दिला आणि हातात कंट्रोलर. मामाने नव्वदच्या दशकात कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर काँट्रा आणि मारिओ खेळलेलं, त्यानंतर काहीच नाही, पण बोटं विसरत नाहीत.

चवथीला सगळे घरी आले तोपर्यंत प्रत्येकाचा महिनाभर खेळून झालेला. आणि मतं बघा. मी म्हणत होते झकास गेम आहे, वाट आपोआप सापडत जाते, जरा थकलं की सेव्हची खोली समोर, म्हणजे जिथे तोवरचा खेळ साठवून ठेवता येतो, मेलं तर तिथूनच पुढे. दादा म्हणे डोकं फिरलं, अर्धा वेळ नुसता चालतोय, एक बंद वाट उघडायची शक्ती मिळते नकाशाच्या एका टोकाला आणि ती वाट असते दुसऱ्या टोकाला, मधल्या खोल्यांतले तेच ते राक्षस परत मारत जायचं. बहीण म्हणे मला चालण्याचं काही नाही, मला सगळ्या खोल्या सारख्याच वाटतात, कुठे आलेय तेच लक्षात राहत नाही. मामा काही म्हणतच नव्हता, तो फक्त सांगत होता की आज अजून एक माणूस सोडवला, आता गावात दोन दिवे जास्त दिसतात.

दादा आणि मी इतके अडून बसलो की आई आरतीला हाक मारतेय तरी उठेनात. मी म्हटलं तुला धीर नाही, तो म्हणाला तुला चांगलं-वाईट कळत नाही. आणि मध्येच मामाने सहज विचारलं, गो बाय, तो पहिला माणूस तुला कुठे सापडला, कारण मला तो फार खाली सापडला. मी सांगायला लागले, सुरुवातीच्या खोलीतून उजवीकडे, मग खाली, आणि मामा म्हणाला छे, माझ्याकडे उजवीकडे वाटच नाही, भिंत आहे. दादा म्हणाला माझ्याकडे उजवीकडे नुसता खड्डा.

तिथे सगळे एकदम गप्प झालो.

म्हणजे माहीत होतं हो. डब्यावरच लिहिलेलं असतं म्हणा, प्रोसिजरल जनरेशन, प्रत्येकाचा प्रवास वेगळा. पण माहीत असणं आणि लक्षात येणं वेगळं. कॅझममध्ये खोल्या माणसांनी एकेक करून हाताने बनवलेल्या आहेत, पण त्या खोल्या कुठे आणि कुणाच्या शेजारी जोडायच्या हे नवीन गेम सुरू करताना कॉम्प्युटर ठरवतो. एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात, त्या आकड्यावरून सगळं जग रचलं जातं, तोच आकडा परत दिला तर तेच जग परत येतं. आणि एकदा रचलं की त्या सेव्हमध्ये ते तसंच राहतं, मेलात तरी बदलत नाही.

मला हे समजायला माटोळी उपयोगी पडली, खरंच, कारण आम्ही तिच्या खालीच बसलो होतो. गणपतीच्या डोक्यावर बांधलेली ती लाकडी चौकट, त्यावर नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तवशी, चिबूड, कवंडळ, रानातली फळं. बाजारातून आणलेलं सामान सगळ्या घरांत जवळपास तेच, पण आमची माटोळी आणि शेजारची माटोळी एकसारखी कधीच नसते, बांधणारा हात कुठे काय अडकवतो त्यावर. आता समजा कुणी शेजारच्या घरी जाऊन फक्त एक माटोळी बघितली, आणि तिच्यावरून अख्ख्या गोव्याच्या माटोळ्यांबद्दल बोलायला लागला. दादा आणि मी तेच करत होतो.

मग काय, सगळ्यांनी आपापला नकाशा काढला. गेममध्ये नकाशा असतोच, आम्ही तिघांनी स्क्रीनचे फोटो घेतले, मामाकडे मात्र कागदावर काढलेला होता. त्याने तो ट्रिपांच्या जुन्या पावत्यांच्या मागे काढला होता, टिपरच्या काळातल्या, एक अख्खं पॅड घरात पडून होतं त्याच्या. पुढे छापलेलं गाडी नंबर, टन, वेळ, आणि मागे पेन्सिलीने चौकोन, चौकोनात बारीक खुणा, सेव्हच्या खोलीला टिकली, बंद वाटेला फुली, माणूस सापडला तिथे एक छोटा दिवा. सात-आठ पावत्या सेलोटेपने जोडलेल्या. मी ते बघत बसले किती वेळ.

चारही नकाशे जमिनीवर शेजारी ठेवले आणि भांडणाचं अर्धं उत्तर तिथेच दिसलं. माझ्या खाणीत सेव्हच्या खोल्या मधल्या वाटेवरच पडल्या होत्या. दादाच्या खाणीत एक सेव्हची खोली एका लांब फांदीच्या टोकाला, तिच्याकडे जायचं म्हणजे सहा खोल्या आत आणि सहा खोल्या परत, आणि त्याची ती बंद वाट तर बरोबर विरुद्ध कोपऱ्यात. तो उगाच ओरडत नव्हता. त्याला खरंच चालावं लागलं होतं, मला चालावं लागलंच नव्हतं, आणि आम्ही दोघं एकमेकांना धीर नाही, अक्कल नाही म्हणत होतो.

तेव्हा बहिणीने एक गोष्ट दाखवली. एक उंच खोली, डाव्या बाजूला फळ्यांच्या पायऱ्या, ती चौघांच्याही खाणीत होती. माझ्याकडे पहिल्या पंधरा मिनिटांत, दादाकडे खूप पुढे, मामाकडे तळाशी. खोली तीच, हुबेहूब. ती म्हणाली बघा, मी म्हणते ते हे आहे. खोली कुठेही बसली पाहिजे म्हणून ती अशी बनवलीय की ती कुठलीच नाही.

हे वाक्य माझ्या मनातून गेलं नाही म्हणून मी पुढचं सगळं केलं. मला बघायचं होतं की आमच्या मतांतलं नशिबाचं किती आणि गेमचं किती. उपाय सोपा होता. मी माझ्या लॅपटॉपवर कोरा गेम सुरू केला, पहिल्या सेव्हला थांबले, पुढे एक पाऊल टाकलं नाही, आणि ते सेव्हचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. क्लाउड सिंक, म्हणजे सेव्ह इंटरनेटवर आपोआप जुळवून ठेवायची सोय, ती बंद केली सगळीकडे, नाहीतर जुनं सेव्ह परत येऊन बसतं, आणि तेच फोल्डर चारही लॅपटॉपवर टाकलं. म्हणजे आता चौघांना तीच खाण, तीच भिंत, तोच खड्डा. अट एकच, कुणी कुणाला काही सांगायचं नाही आणि दिवाळीला परत बसायचं. दादा म्हणाला परत पहिल्यापासून कोण खेळणार, पण खेळला.

दिवाळीला काय निघालं ते सांगते, आणि ते माझ्या बाजूने अजिबात नव्हतं.

पहिलं माझंच. या नवीन जगात मला चालावं लागलं. दुसऱ्या भागात, तळघरं आहेत तिथे, सेव्हच्या खोल्या इतक्या लांब की मी दोनदा मरून अर्ध्या तासाचं काम घालवलं आणि रागाने लॅपटॉप मिटला. मी ज्याला गेमचा गुण म्हणत होते, वाट आपोआप सापडते वगैरे, तो माझ्या पहिल्या सीडचा गुण होता. हे मान्य करायला मला आठवडा लागला, पण तसंच आहे.

दादाला वरची खाण या वेळी सोपी गेली, तो स्वतः म्हणाला की हिच्यात खेळलो असतो तर पहिल्यांदा एवढा चिडलो नसतो. तिसऱ्या भागात मात्र त्याची तक्रार परत आली, तशीच्या तशी. पण या वेळी एक मोठा फरक होता. तो म्हणाला ती खांबांची लांब वाट, आणि मला ती वाट माहीत होती, मी त्याच वाटेने चालले होते. आम्ही त्या एका वाटेवर तासभर बोललो, तिथे राक्षस कमी असते तर, खालून एक आडवाट असती तर. पहिल्या भांडणात आम्ही दोन वेगळ्या गावांबद्दल बोलत होतो, या वेळी एका रस्त्याबद्दल बोललो, आणि तरी पटलं नाही ते नाहीच, पण निदान काय पटत नाही ते तरी कळलं.

बहिणीचं मत जराही हललं नाही. पहिल्या जगात कंटाळली, दुसऱ्या जगात कंटाळली, कारणही तेच. आणि मला वाटतं चौघांत सगळ्यात खरं तिचंच मत, कारण नशीब बदललं तरी जे बदलत नाही ते गेमचं स्वतःचं. तिचं म्हणणं नीट समजून घ्यायला तिने मला तिचे आवडते जुने गेम दाखवले, १९८६ चा मेट्रॉइड, १९९७ चा कॅसलव्हेनिया सिम्फनी ऑफ द नाइट, जिथून हा सगळा प्रकार आला. तिथे नकाशा माणसाने काढलेला, जगात कुणीही खेळो, सगळ्यांना तोच जिना आणि तोच दरवाजा. ती म्हणते तिथे कुणीतरी मला आधी उंचावरची पेटी दाखवतो, हात पोचत नाही, मी चडफडते, पुढे जाते, विसरते, आणि बऱ्याच वेळाने जेव्हा उंच उडी मिळते तेव्हा ती पेटी बरोबर आठवते, कारण ती आठवावी अशा जागीच कुणीतरी ठेवलेली असते. कॉम्प्युटर काय बघतो, की वाट आहे ना, शक्ती मिळायच्या आधी तिची गरज लागत नाही ना, म्हणजे तुम्ही कायमचे अडकणार नाही ना. झालं. तिथवर पोचता येतं हे तो सांभाळतो, पोचल्यावर काय वाटेल ते त्याच्या हिशेबातच नाही. मला हे एकदम पटलं. पोचता येणं आणि पोचावंसं वाटणं यातलं अंतर म्हणजेच तिचा कंटाळा.

मामाचं वेगळंच. त्याने दुसरं जग सगळ्यात सावकाश खेळलं, परत पावत्यांच्या मागे नकाशा काढला, आणि त्याला चालण्याचा त्रास झालाच नाही, म्हणाला आम्ही एकाच रस्त्याने दिवसाला पाच-सहा ट्रिपा मारायचो, मला रस्ता पाठ झाला की बरं वाटतं. खोल्या सारख्या दिसतात म्हटलं तर म्हणाला खाणीत सगळं सारखंच दिसतं गो, म्हणून तर खुणा करायच्या. त्याला गेम आवडला तो गावासाठी. माणूस सुटला की वर जाऊन बघायचा, दुकान उघडलं का. मी त्याला विचारलं की तुला आपलं आठवतं का, तर तो काही बोलला नाही, कंट्रोलर हातात फिरवत राहिला आणि मग म्हणाला, इथे निदान एकेक करून परत येतात.

मी या मताला दादाच्या किंवा माझ्या मताच्या रांगेत बसवू शकत नाही, ते सीडवर नाही, खोल्यांवरही नाही, ते माणसावर आहे. असं मत कुठल्याही प्रयोगाने तपासता येत नाही आणि तपासूही नये असं मला वाटतं.

नंतर मी विचार करत होते की सगळ्याच असल्या गेमबद्दल लोकांची मतं एवढी फाटलेली का नसतात. म्हणजे नकाशे कॉम्प्युटरने रचायचे ही गोष्ट जुनी आहे, १९८० च्या रोग (Rogue) नावाच्या गेमपासून, ज्याच्यावरून रोगलाइक हे नावच पडलं, त्यात स्क्रीनचे तीन बाय तीन भाग करून त्यात खोल्या टाकायचे. माझं लाडकं उदाहरण म्हणजे डेरेक यू या माणसाचा स्पेलंकी, २००८ मध्ये फुकट सोडलेला. त्यात प्रत्येक पातळी म्हणजे चार बाय चार अशा सोळा खोल्यांची जाळी. कॉम्प्युटर वरच्या ओळीतल्या एका खोलीत सुरुवात करतो आणि एक ते पाचमधला आकडा काढतो, एक किंवा दोन आला तर डावीकडे, तीन किंवा चार आला तर उजवीकडे, पाच आला तर खाली, कडेला धडकला तरी खाली, असं करत तळाला पोचलं की वाट तयार, मग उरलेल्या खोल्या भरायच्या. एवढं साधं, आणि तरी बाहेर पडायची वाट कधी चुकत नाही. पण तिथे वाईट नकाशा आला तर काय होतं? काही नाही. पातळीवर जास्त रेंगाळलात तर भूतच येतं मागे, स्पेलंकी २ मध्ये तीन मिनिटांनी, आणि मेलात की सगळं जग नवीन. वाईट नशीब तीन मिनिटं टिकतं. शंभर वेळा खेळलात की चांगलं-वाईट मिळून सगळ्यांचा अनुभव सारखाच होतो, म्हणून मतंही जवळ जवळ येतात.

कॅझममध्ये तुम्हाला एकदाच फासा टाकायला मिळतो आणि मग दहा-बारा तास त्याच फाशावर राहायचं. बहुतेक लोक तो एकदाच खेळतात. म्हणजे मत देणाऱ्या प्रत्येकाने एकच माटोळी बघितलेली, आणि ती दुसऱ्याने बघितलेली नाही. तरी मला वाटतं जग गोठवायचा त्यांचा निर्णय बरोबर होता. शोधायच्या गेममध्ये जागा पाठ झाली पाहिजे, नाहीतर मामाच्या पावत्यांना अर्थ काय. फक्त मग त्या एका फाशाची किंमत फार वाढते, आणि ती किंमत आमच्या दादाने भरली.

आणि स्पेलंकीवाल्यांनी तर याचं औषधही केलेलं आहे, २०१३ च्या पीसी आवृत्तीपासून त्यात डेली चॅलेंज असतं, त्या दिवशी सगळ्या जगाला एकच नकाशा, आणि प्रत्येकाला एकच संधी. मला आधी वाटायचं ते स्पर्धेसाठी आहे. आता वाटतं ते बोलता यावं म्हणून आहे. कालच्या त्या दुसऱ्या पातळीवर तू काय केलंस, हे विचारता यायला दोघांनी तीच पातळी बघितलेली लागते.

म्हणून मी आता कुणी म्हटलं की अमुक गेम भिकार आहे किंवा अमुक गेम कमाल आहे, आणि तो असा रचून दिलेला गेम असेल, तर आधी विचारते किती वेळा सुरुवातीपासून खेळलास, आणि तुझं जे खटकतंय ते दुसऱ्या नकाशातही होतं का. लोक वैतागतात. दादा तर म्हणतो तू आता वकील झालीस. पण दुसऱ्या नकाशात टिकलेली तक्रार मी मनावर घेते, पहिल्याच नकाशातल्या तक्रारीवर फक्त वाईट वाटून घेते, आणि स्तुतीलाही तोच नियम लावते, माझ्या स्वतःच्या स्तुतीला आधी.

दिवाळी झाली, सगळे आपापल्या कामाला गेले. मामा एकटाच अजून खेळत होता. तुळशीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी रात्री त्याचा फोन आला, आवाज एकदम हळू, घरातले झोपलेले असावेत. म्हणाला बाय, एक माणूस राहिलाय, सगळीकडे फिरलो, कुठे आहे तो? चवथीला त्याने हाच प्रश्न विचारला होता आणि तेव्हा माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. मी म्हटलं थांब, नकाशा घे समोर. मग पावत्या उलगडल्याचा आवाज आला. म्हटलं तळघरात दुसरी टिकली आहे ना, तिच्या डावीकडे तीन चौकोन मोज, तिथे तुझी फुली असेल, ती फुली आता खोड.

फोनवर जरा वेळ नुसता कंट्रोलरचा टकटक आवाज. मग म्हणाला, मिळाला.